काम सांगितले की फर्माइश केली?

बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीत सकाळच्या पाळीला कोणत्याही कारखान्याच्या फाटकापाशी उभे राहावे आणि नुसते ऐकावे. डहाणू आणि विरार या दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी आलेली माणसे मराठी बोलत असतात. जव्हार-विक्रमगडच्या पाड्यांवरून आलेले तरुण आपसांत वारली बोलतात. लूमवरचा कारीगर भोजपुरी, रंगखात्यातला ओडिया, शेठ गुजराती किंवा मारवाडी, आणि मास्टरची हिंदी अशी की तिच्यात निम्मी उर्दू. शेठच्या तोंडून निघालेला शब्द या चार-पाच बोलींच्या पायऱ्या उतरत शेवटच्या हातापर्यंत जातो. तिथे पोहोचेपर्यंत त्यातले मूळचे किती शिल्लक राहते, याचा विचार आपले व्यापारी बंधू क्वचितच करतात.

आमचा या भागाशी संबंध कापडाचा. ग्रे कापड भिवंडीतून उचलावे, तारापूरच्या प्रोसेस हाऊसमध्ये रंगवून घ्यावे, पालघर पूर्वेच्या गाळ्यांत कापून-शिवून घ्यावे आणि तयार माल बाजारात द्यावा, अशी आमची साखळी आहे. या साखळीत माल अडकतो, पैसे अडकतात, माणसे तुटतात. खोलात गेले तर असे दिसते की बहुतेक भांडणांच्या मुळाशी लबाडी नसते. सांगणाऱ्याने काम सांगितलेलेच नसते. त्याने फक्त फर्माइश केलेली असते.

“माल एकदम फर्स्ट क्लास पाहिजे.” “अर्जंट आहे, हात चालवा.” “पार्टी मोठी आहे, जरा बघून करा.” ही वाक्ये आपल्या प्रत्येक गाळ्यात दिवसातून दहा वेळा ऐकू येतात आणि बोलणाऱ्याला वाटते की आपण हुकूम दिला. वास्तविक यात काम कुठेच नाही. काम कशाला म्हणावे? ज्याच्यावर ते सोपवले त्याला संध्याकाळी, कोणालाही न विचारता, स्वतःच सांगता आले पाहिजे की झाले किंवा नाही झाले. झाले की नाही हे ठरवायला शेठच्या चेहऱ्याकडे पाहावे लागत असेल, तर ती फर्माइशच.

‘काढून ठेव’ म्हणजे काय?

पालघर पूर्वेच्या एका गाळ्यात आम्ही माल घेण्यासाठी बसलो असताना घडलेली गोष्ट सांगतो. शाळेच्या गणवेशाचा हंगाम होता. गाळ्याच्या मालकाने आदल्या दिवशी कटिंग मास्टरला सांगितले होते, “उद्या सकाळपर्यंत तीनशे पीस काढून ठेव.” मास्टरने रात्री उशिरापर्यंत थांबून तीनशे शर्ट कापले, साइजप्रमाणे नंबर टाकले, बंडल बांधून शिलाईच्या मशीनजवळ नीट रचून ठेवले. सकाळी मालक आला तो टेम्पो घेऊनच. त्याला तीनशे पीस शिवून, इस्त्री करून, खोक्यात भरलेले हवे होते.

दोघेही खरे बोलत होते. कटिंगच्या टेबलावर ‘पीस काढणे’ म्हणजे कापणे. शिलाईच्या लाइनवर ‘पीस काढणे’ म्हणजे शेवटच्या मशीनवरून उतरवणे. पॅकिंगवाला ‘काढला’ म्हणतो तेव्हा माल खोक्यात गेलेला असतो. एकच शब्द, एकाच गाळ्यात, वीस पावलांच्या अंतरावर तीन अर्थांनी चालतो. मालकाचे म्हणणे एवढेच होते की इतकी वर्षे काम करणाऱ्या माणसाला हे कळायला नको का? हे उत्तर आपल्या धंद्यात फार लोकप्रिय आहे. पण अनुभवाने माणसाला काम कसे करावे ते कळते. मालकाच्या मनात काय आहे ते अनुभवाने कसे कळणार?

पुढे काय झाले ते महत्त्वाचे आहे. टेम्पोचे रिकामे भाडे आणि दोन दिवसांच्या उशिरापोटी पार्टीने कापलेली रक्कम, हे दोन्ही त्या मास्टरच्या खात्यात नावे टाकले गेले. रात्रभर जागला तो मास्टर, आणि भुर्दंडही त्याच्यावरच. काम धड न सांगण्याची किंमत ही अशी नेहमी खाली उतरत जाते. पार्टी व्यापाऱ्याकडून कापते, व्यापारी गाळेवाल्याकडून, गाळेवाला मास्टरकडून आणि मास्टर पीस रेटवरच्या कारीगराकडून. कारीगराच्या खाली कोणी नसतो, म्हणून हिशोब त्याच्यापाशी येऊन थांबतो. ‘अल्टर’ म्हणून परत आलेला पीस तो फुकट उसवतो, फुकट शिवतो. त्या दोन तासांत त्याने जे नवे पीस शिवले असते त्याची मजुरीही जाते.

कायद्याची भूमिका याबाबत वेगळी आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसते. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने असे तत्त्व घालून दिले की नुकसानीपोटी मजुरी कापायची तर वस्तू त्या कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेली असली पाहिजे, आणि नुकसान थेट त्याच्या हयगयीमुळे झालेले असले पाहिजे. शिवाय कापण्यापूर्वी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. २०१९ च्या वेतन संहितेतही हे तत्त्व कायम आहे. ‘स्पष्टपणे सोपवलेली’ हा शब्द पाहा. सोपवलेच नाही, तर हयगय कशाची?

चांगला म्हणजे किती चांगला?

रंगाच्या बाबतीत तर फर्माइशीचा कहर होतो. “या तुकड्याप्रमाणे शेड मॅच करून द्या,” असे सांगून व्यापारी प्रोसेस हाऊसमधून बाहेर पडतो. पंधरा दिवसांनी माल येतो. कारखान्यात पाहिला तेव्हा नेव्ही ब्लू तुकड्याशी बरोबर जुळत होता. दुकानाबाहेर उन्हात धरला तर त्यात लाल झाक दिसते. प्रोसेसवाला म्हणतो आम्ही जुळवून दिला, व्यापारी म्हणतो जुळत नाही. पुन्हा दोघेही खरे. दोन वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी काढलेली एकच शेड एका उजेडात सारखी आणि दुसऱ्या उजेडात निराळी दिसू शकते, ही रंगशास्त्रातली जुनी गोष्ट आहे. म्हणून मोठ्या कारखान्यांत दिव्यांची पेटी असते. तिच्यात दिवसाच्या उजेडासारखा ‘डी ६५’, दुकानातल्या नळीदिव्यासारखा आणि पिवळ्या बल्बसारखा, असे दिवे आलटून पालटून लावून पाहतात. तेव्हा ‘शेड मॅच करा’ हे अर्धेच काम झाले. कोणत्या उजेडात मॅच करायची, लॅब डिप कोण पास करणार, पास केलेल्या तुकड्यावर कोणाची सही, आणि तो तुकडा दोघांकडे अर्धा-अर्धा राहणार की नाही, हे ठरले म्हणजे काम पूर्ण सांगितले. यासाठी महागडी पेटी घ्यावीच असे नाही. “सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान, सावलीत, उघड्या आकाशाखाली पाहू,” एवढे कागदावर लिहिले तरी निम्मे तंटे मिटतात.

कापडाच्या दोषांचेही तेच. “साफ माल द्या” असे आपण म्हणतो. परदेशी जाणाऱ्या मालात हे ‘साफ’ मोजले जाते. तिथे चार गुणांची पद्धत चालते. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला १ गुण, तीन ते सहा इंचांच्या दोषाला २, सहा ते नऊ इंचांच्या दोषाला ३ आणि त्याहून मोठ्याला ४. एका वारात कितीही दोष असले तरी चारपेक्षा जास्त गुण धरत नाहीत. ताका तपासून बेरीज करायची. शंभर चौरस वारांत ४० गुणांपर्यंतचा माल सर्वसाधारणपणे घेतला जातो, त्यापुढचा परत. खरेदीदार कडक असेल तर हा आकडा खाली आणतो, पण आकडा सौदा करतानाच ठरतो, माल आल्यावर नाही. तपासणाऱ्या मुलाला शेठचा मूड पाहावा लागत नाही. शेठची उधारी वसूल झाली नाही त्या दिवशी त्याला प्रत्येक ताका खराब दिसतो, हे आपल्या बाजारात कोणाला ठाऊक नाही?

ठरलेल्या आकड्याने माणसाच्या कामात किती फरक पडतो याचे एक नामी उदाहरण अमेरिकेतले आहे. ओक्लाहोमा राज्यात जंगलातून लाकडाचे ओंडके वाहणाऱ्या ट्रकवाल्यांवर गॅरी लॅथम आणि जेम्स बाल्डेस यांनी केलेला अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध झाला. कायद्याने जितके वजन भरता येते त्याच्या सुमारे ६० टक्केच वजन हे ट्रकवाले भरत असत. “जमेल तितके जास्त भरा” हे त्यांना सांगून झालेच होते. मग त्यांना नेमका आकडा दिला गेला: कायदेशीर मर्यादेच्या ९४ टक्के. पगार वाढवला नाही, आणि आकडा गाठला नाही तर शिक्षा नाही हेही सांगून टाकले. काही आठवड्यांत वजन ९० टक्क्यांच्या आसपास गेले आणि तिथे टिकले. ‘जमेल तितके’ याचा अर्थ प्रत्येकजण आपल्या सोयीने लावतो, कारण ते तपासता येत नाही. आपल्या टेम्पोवाल्याला “नीट भरून आण” असे सांगण्याऐवजी “बत्तीस गाठी” असे सांगून पाहावे.

तीन हात आणि एक गणवेश

काम नेमके सांगितले तरी ते कोणाचे, हे ठरले नाही तर काय होते, ते आपल्या राज्याने नुकतेच कापडाच्याच बाबतीत पाहिले. पूर्वी सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलांच्या गणवेशाचे पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे येत. दोन गणवेशांचे ६०० रुपये. समिती गावातल्या किंवा तालुक्याच्या शिंप्याकडून ते शिवून घेई. कापड कधी हलके निघे, पण बाही आखूड झाली तर त्याच शिंप्याला बोलावता येत असे. २०२४-२५ या वर्षी शासनाने ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना लागू केली. एका गणवेशाचे कापड ठेकेदाराने मापाप्रमाणे कापून द्यायचे, शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडून करून घ्यायची, आणि दुसऱ्या गणवेशाचे नुसते कापड शाळेला द्यायचे, त्याची शिलाई समितीने पाहायची.

कल्पनेत वाईट काही नव्हते. बचत गटांच्या बायकांना काम मिळावे, हा हेतू तर उत्तमच. पण आमच्यासारख्या कापडवाल्याने हे वाचले की पहिला प्रश्न मनात येतो तो असा: मूल शाळेत उभे आहे आणि शर्ट त्याला बसत नाही, तर आता जबाबदारी कोणाची? कापणाऱ्याची, शिवणाऱ्याची की माप पाठवणाऱ्याची? कापलेला तुकडा हातात आल्यावर शिवणाऱ्या बाईला दोन सुतांपेक्षा जास्त काही करता येत नाही. चूक मापात असेल तर ती चूकच नीट शिवून द्यावी लागते. त्या वर्षी शाळा जूनमध्ये सुरू झाल्या, अनेक ठिकाणी १५ ऑगस्ट उलटला तरी गणवेश पोहोचले नाहीत, आणि आले तिथे मापांच्या आणि कापडाच्या तक्रारी झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवले. सगळा दोष कामाच्या वाटणीचाच होता असे आम्ही म्हणत नाही. एवढ्या मोठ्या कामाला वेळही पुरेसा दिला गेला नव्हता. पण पहिल्या कापणीपासून शेवटच्या बटणापर्यंत एका माणसाचे नाव नसले की काय होते, ते इथे दिसते.

आपल्या गाळ्यांत हेच लहान प्रमाणावर रोज घडते. “तुम्ही दोघे मिळून बघा” हे वाक्य तर बंदच केले पाहिजे. दोघांना सांगितलेले काम प्रत्येकाला दुसऱ्याचे वाटते. मदतीला चार माणसे द्यावीत, पण जिम्मा एकाचा असावा आणि तो कोणाचा हे चौघांनाही माहीत असावे.

शेजारच्या कारखान्यातली चिठ्ठी

तारापूर वसाहतीत आपल्या कापडवाल्यांच्या भिंतीला भिंत लावून रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आहेत. त्यांच्याकडे एक पद्धत आहे, तिला ते ‘वर्क परमिट’ म्हणतात. साधे वेल्डिंग करायचे असले तरी आधी चिठ्ठी भरावी लागते. कोणत्या जागी, कोणते काम, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, जवळपास वायू आहे का ते कोणी तपासले, आग विझवण्याचे साधन घेऊन कोण उभा राहणार, आणि काम संपल्यावर जागा पाहून चिठ्ठी कोणी बंद केली. वेळ संपली की चिठ्ठी संपली, पुढच्या पाळीला नवी. आपल्यातले काही जण याला कागदी घोडे म्हणून हसतात. ११ जानेवारी २०२० रोजी याच वसाहतीतल्या एका रसायन कारखान्यात स्फोट होऊन आठ माणसे गेली. त्याच्या कारणांत शिरण्याचा इथे हेतू नाही. सांगायचे एवढेच की ज्या धंद्यात तोंडी हुकमाची किंमत जिवाने मोजावी लागते, त्या धंद्याने चिठ्ठी स्वीकारली आहे. आपल्याकडे ती किंमत मजुरीने मोजली जाते, म्हणून आपण चिठ्ठीवाचून चालवून घेतो. आणि प्रोसेस हाऊसमध्ये बॉयलर असतो, हेही विसरता कामा नये.

मात्र चिठ्ठीचा अतिरेकही झालेला आहे. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर या गृहस्थाने शंभर वर्षांपूर्वी असा आग्रह धरला की प्रत्येक कामगाराचे काम आदल्या दिवशीच कचेरीत ठरावे आणि त्याला लेखी सूचना मिळावी. इथपर्यंत ठीक. पण त्याचे लोक घड्याळ घेऊन कामगाराच्या पाठीशी उभे राहू लागले, हात किती वेळात उचलला ते मोजू लागले. ऑगस्ट १९११ मध्ये वॉटरटाऊन येथील सरकारी शस्त्र कारखान्यातले साचेवाले यामुळे काम टाकून बाहेर पडले. काय करायचे ते पक्के सांगणे वेगळे आणि उस्ताद कारीगराला सुई कशी धरायची ते शिकवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात अपमान आहे.

यापेक्षा आम्हाला जपानचे उदाहरण जवळचे वाटते, कारण ते आपल्याच धंद्यातून निघाले. मोटारींसाठी प्रसिद्ध असलेल्या टोयोटाचे मूळ हातमाग-यंत्रमागात आहे. साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये पूर्ण केलेला स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबत असे. या मागाच्या पेटंटचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडमधील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने एक लाख पौंडांना विकत घेतले. हीच प्लॅट ब्रदर्स मुंबईच्या गिरण्यांना यंत्रे पुरवत असे. थांबणाऱ्या मागाचा अर्थ असा की खराब कापड पुढे विणलेच जात नाही, आणि एक माणूस अनेक माग सांभाळू शकतो. पुढे ताईची ओनो यांनी हेच तत्त्व मोटार कारखान्यात माणसांना लागू केले. ते १९३२ मध्ये टोयोडाच्या सूत-कापड कंपनीत लागले होते, म्हणजे आपलेच बिरादर. दोष दिसला तर लाइनवरचा कामगार स्वतः काम थांबवू शकतो, असे त्यांनी ठरवले. कामाचा तक्ताही कचेरीतल्या बाबूने न लिहिता त्या जागी काम करणाऱ्यांनी आणि त्यांच्या मुकादमाने लिहावा, असा त्यांचा आग्रह असे.

म्हणून काम सांगताना आणखी एक गोष्ट सांगायला हवी: कधी थांबायचे. “शेड बदलली दिसली, किंवा माप अर्ध्या इंचाहून जास्त सरकले, तर पुढचे बंडल उघडू नको, मला बोलाव.” हे सांगितले नसेल तर कारीगर चुकीचे दोनशे पीस पूर्ण करतो, कारण त्याला ‘दोनशे पीस’ एवढेच सांगितलेले असते. एका लॉटची पुढची बाजू आणि दुसऱ्या लॉटची बाही जोडलेले शर्ट आपण सर्वांनी पाहिले आहेत. ते शिवणाऱ्याला फरक दिसला नव्हता असे नाही.

इम्ला आणि चलान

आमच्या उर्दू शाळेत मौलवीसाहेब इम्ला लिहवून घेत. ते बोलत, आम्ही तख्तीवर लिहीत असू. लिहून झाले की लगेच गुण देत नसत. आधी एकेकाला उभे करून आपण काय लिहिले ते मोठ्याने वाचायला लावत. ऐकलेले आणि लिहिलेले यांतला फरक तिथल्या तिथे उघडा पडे. काम सोपवतानाही हेच करावे. “समजले ना?” असे विचारू नये, या प्रश्नाला कोणताही नोकर ‘हो’ म्हणतो. “आता तू काय करणार ते मला सांग,” असे म्हणावे. त्या कटिंग मास्टरला कोणी असे विचारले असते, तर ‘कापून ठेवतो’ हा शब्द आदल्या संध्याकाळीच बाहेर आला असता. जिथे चार बोली चालतात तिथे तर वाचता येईल असा नमुनाच टांगावा. सही केलेला शर्ट खिळ्याला लटकत असेल तर वारली बोलणाऱ्या मुलीलाही तो वाचता येतो.

जॉब वर्क करणाऱ्या गाळेवाल्या बंधूंनी एक व्यवहाराची गोष्ट ध्यानात घ्यावी. जीएसटीच्या नियमांप्रमाणे माल बाहेर कामाला पाठवताना चलान करावेच लागते, आणि असा कच्चा माल एक वर्षाच्या आत परत यावा लागतो. म्हणजे कागद तर आपण बनवतोच. पण त्यावर तपशील काय? ‘शिलाईसाठी’. एवढाच शब्द. त्याच कागदाच्या मागे नग, माप, टाक्यांची संख्या (एका इंचात दहा की बारा), चालेल इतका फरक, मुद्दत, पास करणाऱ्याचे नाव आणि दर लिहायला पाच मिनिटे लागतात.

या पाच मिनिटांना पैशांत किंमत आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ प्रमाणे ‘उद्यम’ नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने लेखी मुदत ठरली असल्यास त्या मुदतीत द्यायचे असतात, आणि ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी काही नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. मालाबद्दल हरकत असेल तर ती पंधरा दिवसांच्या आत लेखी घ्यावी लागते, नाही तर माल स्वीकारला असे धरले जाते. “तीन महिन्यांपूर्वीचा माल खराब निघाला, पैसे कापले,” असे सांगणाऱ्या पार्टीला हे दाखवता येते. पण काय ठरले होते याचा कागद तुमच्याजवळ नसेल, तर दाखवणार काय? ओळखीच्या माणसाकडून लिहून घ्यायला आपल्याला संकोच वाटतो. जबानीवर चालणारा बाजार आम्हीही पाहिला आहे आणि त्याची इज्जत आम्हाला आहे. पण त्या बाजारात माल एका हातातून दुसऱ्या हातात जात असे. आता तो आठ हातांतून जातो, आणि जबान दिलेला माणूस शेवटच्या हाताला भेटतही नाही.

बोईसरच्या एका गाळ्यात आम्ही अलीकडे हे सारे थोड्याफार प्रमाणात सुरू झालेले पाहिले. बावीस मशीनचा गाळा. दाराजवळ खिळ्याला सही केलेला नमुना, खाली पुठ्ठ्यावर माप आणि फरकाची हद्द, त्याखाली त्या लॉटच्या जिम्मेदाराचे नाव. काज-बटणावर बसणाऱ्या एका मुलीने बटणाचा रंग नमुन्याशी जुळत नाही म्हणून मशीन बंद केले. मास्टर चिडून आला, नमुन्यापाशी गेला, बटण लावून पाहिले आणि गप्प परतला. बटणे चुकीच्या पाकिटातली होती. पाऊण तास काम थांबले.

अडचण त्यानंतर निघाली. बावीसही जण पीस रेटवर. पाऊण तासाची मजुरी कोणी द्यायची? थांबायचे तर सांगितले, पण थांबल्याचे पैसे नाहीत, असे असेल तर पुढच्या वेळी कोण थांबेल? कारीगरांचे म्हणणे, थांबलेला वेळ रोजंदारीच्या दराने धरावा. मालकाचे म्हणणे, अर्ध्या तासाच्या वरचा धरू, खालचा नाही. आम्ही निघालो तेव्हा वीस मिनिटांवर गोष्ट आली होती, आणि ती पुठ्ठ्यावर लिहायची की नाही यावर बोलणे चालू होते.